वाळूजचं इन्सुलिन

वाळूज म्हटलं की छत्रपती संभाजीनगरकरांना आधी बजाजचा कारखाना आठवतो. त्याच औद्योगिक वसाहतीत वोक्हार्टचं बायोटेक पार्क आहे. या कंपनीने २००३ साली ‘वोसुलिन’ बाजारात आणलं. भारतीय कंपनीने तयार केलेलं ते पहिलं रिकॉम्बिनंट मानवी इन्सुलिन. स्कूटर-रिक्षांइतकाच या शहराला त्याचाही अभिमान वाटायला हवा.

घरोघरी इन्सुलिन ओळखीचं आहे ते मधुमेहाचं औषध म्हणून. मुळात ते स्वादुपिंडाने पेशींना धाडलेला निरोप आहे. एक साखळी २१ अमिनो आम्लांची, दुसरी ३० ची. हे चिमुकलं प्रथिन पेशीत शिरत नाही. बाहेरच्या रिसेप्टरला चिकटतं. मग रिसेप्टरचा आतला भाग कामाला लागतो, एकामागून एक प्रथिनांवर फॉस्फेट चढतं आणि स्नायूंच्या पेशी रक्तातलं ग्लुकोज आत घेऊ लागतात.

१९२२ साली टोरांटोत माणसाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. पुढची साठ वर्षं ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातूनच काढत. डुकराच्या इन्सुलिनमध्ये एक अमिनो आम्ल वेगळं, गाईच्या इन्सुलिनमध्ये तीन. जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली १९८२ साली. वोसुलिनसाठी निवड झाली ती हॅन्सेन्युला पॉलिमॉर्फा या यीस्टची, जे मेथॅनॉलवरसुद्धा जगतं! त्यात मानवी इन्सुलिनचा जनुकीय आराखडा घातला की यीस्ट त्या बरहुकूम प्रथिन घडवतं. त्यानंतरचं शुद्धीकरण हे खरं कष्टाचं काम.

प्रयोगशाळेत तर रिकॉम्बिनंट इन्सुलिनवाचून पान हलत नाही. पूर्वी पेशी वाढवायच्या त्या गाईच्या गर्भातल्या वासराच्या सीरममध्ये. पण सीरमच्या प्रत्येक खेपेत घटकांचं प्रमाण बदलतं. पेशी वाढली ती नेमकी कशाने, हे सांगता येत नाही. म्हणून आता अनेक ठिकाणी सीरमऐवजी इन्सुलिन, ट्रान्सफेरिन आणि सेलेनियम मोजून घालतात. काय घातलं आणि किती, दोन्ही ठाऊक असतं. संशोधनासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

मात्र इथे एक बारकावा आहे, आणि तो विद्यार्थ्यांना आवर्जून शिकवला पाहिजे. पेशी वाढवण्याच्या माध्यमात इन्सुलिनचं प्रमाण साधारणपणे मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे जेवणानंतर रक्तात असतं त्याच्या हजारो पट. इतक्या मात्रेत ते शेजारच्या आयजीएफ-१ रिसेप्टरलाही चिकटतं आणि पेशीला वाढीचा निरोप देतं. त्यामुळे अशा पेशींवर मधुमेहाचा अभ्यास करायचा, तर प्रयोगाआधी काही तास त्यांना इन्सुलिनविना ठेवावं लागतं. नाहीतर नव्या मात्रेचा परिणाम दिसतच नाही.

आणि ‘फक्त संशोधनासाठी’ असा शिक्का असलेली कुपी रुग्णाला कधीही टोचायची नाही. रेणू तोच असला, तरी औषधाला लागणाऱ्या निर्जंतुकतेच्या आणि जिवाणूजन्य विषांच्या चाचण्यांची हमी त्या कुपीमागे नसते.