तंबाखूचा हिशेब
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. मी सातवी शिकलेली. भाषण मला येत नाही, पण हिशेब येतो. तेव्हा हिशेबच सांगते.

आपला निपाणीचा भाग विडीच्या तंबाखूचा. पाऊस सरल्यावर काळ्या रानात जी ओल राहते तिच्यावर हे पीक तगते, गुरे त्याला तोंड लावीत नाहीत आणि पैसा एकरकमी दिसतो. म्हणून आपण ते लावतो. पण दिसलेला पैसा निराळा आणि उरलेला निराळा.

गेल्या वर्षी मुलाच्या जुन्या वहीत मी सगळे लिहून ठेवले. रान २० गुंठे. नांगरट-कुळवणी १,५०० रुपये, रोपे १,२००, खत ३,०००, औषध ६००, बाहेरची मजुरी २,२००, गाडीभाडे ५००. रोख गेले ९,०००. माल झाला २०० किलो, गेला ९० रुपयांनी. आले १८,०००. आमचे यजमान खुशीने म्हणाले, "निम्मे सुटले की!"

मी म्हटले, "वहीचे एक पान अजून राहिले आहे."

त्या पानावर माझे आणि जाऊबाईंचे दिवस होते. लागण आणि नांग्या भरणे ६, खुरपण ८, शेंडे खुडणे व फुटवे काढणे १२, वाळवण आणि चुरणे ८. एकूण ३४ दिवस. बाहेरच्या बाया लावल्या असत्या तर २५० रुपये रोजाने ८,५०० द्यावे लागले असते. म्हणजे उरले ५००! त्यांत यजमानांचे कष्ट धरलेलेच नाहीत. शिवाय निम्मी रक्कम व्यापाऱ्याने चार महिन्यांनी दिली. तोवर दुकानची उधारी चालूच.

यजमान म्हणाले, "घरच्या माणसांचा रोज कुणी धरतं का?"

मी म्हटले, "धरत नाही, म्हणूनच फायदा दिसतो."

आणखी एक खर्च कुठल्याच पानावर बसत नाही. खुडताना हात चिकाने काळे होतात, डोके गरगरते, मळमळते. आपण म्हणतो, ऊन लागले. पण ओल्या पानांतला तंबाखूचा अंश कातडीतून अंगात जातो, हे डॉक्टर सांगतात. म्हणून दंव असेपर्यंत रानात शिरू नका, लांब बाह्यांचे घाला, आणि पोटुशी बाईला व पोरांना या कामाला लावू नका.

१९८१ साली रास्त भावासाठी शरद जोशींच्या मागे इथले शेतकरी महामार्गावर बसले. गोळीबार झाला, माणसे गेली. त्या दिवसांच्या गोष्टी सासूबाई सांगत, तेव्हा त्यांचा आवाज जड होई. भावासाठी माणसांनी जीव दिला. आपण निदान वही तरी ठेवावी.

तंबाखू सोडा, असे मी म्हणत नाही. कोरडवाहू माणसाने एकदम काय सोडावे? पण वजनाची व दराची चिठ्ठी मागून घ्या, आणि आपला रोज वहीत मांडा. यंदा आमच्याकडे तंबाखू १० गुंठेच आहे, उरलेल्यात सोयाबीन. ते यजमानांनी आपणहून ठरविले. वही अजून मीच लिहिते.