स्वर आणि लय : विद्यार्थ्याची पहिली वाट
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



खामगावाहून जलंबला जाऊन नागपूरच्या दिशेची गाडी धरली, की शेगाव आणि अकोला मागे टाकून मूर्तिजापूर लागते. याच मूर्तिजापुरात २ मे १९२० रोजी वसंतराव देशपांडे यांचा जन्म झाला. ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातील खाँसाहेब म्हणून सारा महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु आजचा विषय त्यांची रंगभूमी नव्हे, त्यांचे शिक्षण आहे. स्वर आणि लय माणसाच्या अंगी कशी येते, या प्रश्नाचे उत्तर या वऱ्हाडी मुलाच्या शिक्षणात स्वच्छ दिसते.

नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांचे गाणे सुरू झाले. पुढे चित्रपटसृष्टीत नावारूपास आलेले सी. रामचंद्र हेही सप्रे गुरुजींचेच विद्यार्थी. सप्रे हे पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, तोपर्यंत गाणे शिकायचे म्हणजे गुरूच्या घरी राहून वर्षानुवर्षे सेवा करायची, आणि गुरूच्या मनात येईल तेव्हा मिळेल तेवढे घ्यायचे, अशीच बहुधा रीत होती. पलुस्करांनी वर्ग, वेळापत्रक, छापील पुस्तके आणि परीक्षा आणल्या. १९३१ साली त्यांचे निधन झाल्यावर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. प्रारंभिकपासून विशारद आणि अलंकारपर्यंतची ती परीक्षांची शिडी आज घरोघरी परिचित आहे. दुसरीकडे पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी वकिली बाजूला ठेवून गावोगावच्या गवयांकडील बंदिशी मिळविल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत त्या स्वरलिपीसह छापल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, समेला फुली, खालीला शून्य. इतक्या थोड्या खुणांत बंदिशीचा सांगाडा कागदावर सुरक्षित राहिला. या दोन विष्णूंचे ऋण लहान गावांनी तरी विसरता कामा नये.

मात्र सांगाडा म्हणजे देह नव्हे. मारवा, पूरिया आणि सोहनी हे तीन राग घ्यावेत. तिन्हींत कोमल रिषभ, तीव्र मध्यम आणि पंचम वर्ज्य. उरलेले स्वर शुद्ध. म्हणजे तिन्हींचे भांडवल तेच सहा स्वर. तरीही मारव्यात रिषभ आणि धैवत बोलतात, पूरियात गंधार आणि निषाद, तोही मंद्र सप्तकाकडे कललेला. आणि सोहनी तार सप्तकात चमकते. मारव्यात तर षड्ज हातचा राखून ठेवायचा असतो. ऐकणाऱ्याला घराची ओढ लागते आणि गवई उंबरठ्यापर्यंत येऊन परत फिरतो. कोणत्या स्वरावर किती थांबावे, कोणत्या स्वराला केवळ स्पर्श करून सुटावे, हे पुस्तकातील रेघ सांगत नाही. ते गुरूच्या गळ्यातून कानावर पडावे लागते.

वसंतराव तरुणपणी लाहोरला गेले. तेथे असद अली खाँ यांनी त्यांना पुष्कळ राग न देता एक मारवाच शिकविला, असे सांगतात. परीक्षेच्या अभ्यासक्रमात एकेका वर्षी अनेक राग उरकावे लागतात. येथे मात्र कित्येक दिवस एकच राग. आजच्या पालकांना हा सौदा तोट्याचा वाटेल. परंतु ज्याने मारव्याचा षड्ज लांब ठेवायला शिकून घेतला, त्याला षड्ज म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही.

त्यासाठी तानपुरा हवा. एरवी त्याची पहिली तार पंचमावर लावतात, मधल्या दोन जोडीच्या षड्जावर, चौथी खर्जावर. मारव्याला पंचमच नाही, म्हणून पहिली तार बहुधा निषादावर येते. हार्मोनियम सोयीची खरी, पण तिच्या पट्ट्यांचे स्वर कारखान्यातच ठरून येतात. तिला धरून चालणारे मूल पट्टीवर बोट ठेवून स्वर शोधते, कानाने शोधत नाही. आता मोबाईलमध्येही तानपुरा मिळतो. त्यात काही वावगे नाही, फक्त तो चालू करून मुलाने पंधरा मिनिटे केवळ ‘सा’ लावावा; हे काम मोबाईल करून देत नाही.

लयीचेही असेच. तीनताल सोळा मात्रांचा. चार-चार मात्रांचे चार विभाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली. हे पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. अंगात मुरायला वर्षे लागतात, कारण विद्यार्थी अवघड जागी मात्रा ताणतो आणि सोप्या जागी पळतो. ताणून मोजलेले कापड गजावर पुरेपूर भरते आणि घरी नेल्यावर आखूड पडते. कापडवाल्यांना हे निराळे सांगायला नको. ताणलेल्या मात्रेचा हिशेब समेवर लगेच उघडा पडतो.

हाताने टाळी देत एक साधी तिहाई म्हणून पाहावी. तीन बोलांचा तुकडा, शेवटचा बोल ‘धा’, एका मात्रेत एक बोल, मध्ये न थांबता तीनदा. म्हणजे नऊ बोल. तो खालीवर, नवव्या मात्रेवर उचलला तर सोळाव्या मात्रेपर्यंत आठ बोल होतात आणि नववा, शेवटचा ‘धा’, नेमका समेवर पडतो. कागदावर ही बेरीज पाचवीतला मुलगाही करील. पण गाताना बोटे मोजायला सवड नसते. सम पुढून येत असल्याचे शरीराला कळावे लागते. आणि हाताने टाळी-खाली धरल्याखेरीज, ठेका तासन्‌तास ऐकल्याखेरीज ते कळत नाही. यंत्रातला ठेका कधी चुकत नाही, हा त्याचा गुण आहे. तबलजी विद्यार्थ्याकडे पाहून भुवई उंचावतो आणि चूक तिथेच कळते. तेवढे यंत्राला साधत नाही.

येथे व्यापारी कुटुंबांतील पालक विचारतील, की एवढा वेळ आणायचा कोठून? वसंतराव पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरीला होते. दिवसा आकड्यांचे कागद, आणि गाणे उरलेल्या वेळात. पुण्यातच सुरेशबाबू माने यांच्याकडून त्यांनी किराणा घराण्याची तालीम घेतली. सप्रे गुरुजींच्या वर्गातून निघालेला, लाहोरात मारवा घोटलेला हा विद्यार्थी संसारी वयातही पुन्हा गुरूसमोर बसत होता. १९६७ च्या डिसेंबरात ‘कट्यार’ रंगभूमीवर आले, तेव्हा त्यांचे वय ४७ वर्षांचे होते.