ऐनावरचे कोसले

रेशीम म्हटले की तुतीचा पाला आणि सुपातल्या पांढऱ्या अळ्या डोळ्यांपुढे येतात. पण आपल्या सह्याद्रीच्या रानात कोणी न पाळलेला रेशमाचा पतंग राहतो, तो टसरचा. त्याची हिरवीगार, बोटाएवढी जाड अळी ऐनाचा पाला खाते. पोट भरले की डहाळीला चिवट देठ गुंडाळते आणि त्याला कोंबडीच्या अंड्याहून थोडा लहान कोसला टांगते. ऐनाची पाने झडली म्हणजे बघा, फळच लटकल्यासारखे दिसते!

कर्नल सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३०च्या दशकात दख्खनच्या या किड्याविषयी लिहिले, तेव्हा नाव दिले ‘कोलिसुरा’. मराठे लोक कोसल्याच्या पट्ट्या कापून तोड्याच्या बंदुकीची नळी दस्त्याला बांधीत, इतका तो चिवट. तिकडे मेक्सिकोत याकी लोक अशाच रानपतंगांच्या कोसल्यांत खडे भरून नाचताना पायांत घुंगरांसारखे बांधतात. आपल्याकडे गडचिरोलीच्या आरमोरी भागात ढीवर कुटुंबे ऐनावर, अर्जुनावर अळ्या सोडून कोसा पिकवतात. पाखरे हाकीत दिवसभर झाडाखाली बसावे लागते. काम सोपे नव्हे.

आपल्या भागात कोणी कोसा पिकवीत नाही, म्हणून कोसल्याकडे लक्षही जात नाही. आणि घोटाळा होतो तो इथेच. भाताच्या तरव्यासाठी राब भाजायचा म्हणून आपण ऐनाच्या फांद्या तोडतो. शेवटच्या पिढीचे कोसले त्याच फांद्यांवर पावसाची वाट पाहत असतात. आत जीव झोपलेला असतो. फांदीबरोबर तोही जळतो. राब भाजू नका असे मी म्हणत नाही. फांदी पेटवण्यापूर्वी एकदा नजर टाका. कोसला दिसला तर डहाळीसकट कापून दुसऱ्या झाडाच्या सावलीत बांधून ठेवा. एवढेच.

शिक्षकबंधूंनी एखादा कोसला शाळेत आणावा, जाळीच्या डब्यात टांगावा. जूनमध्ये पाऊस पडला की आतला पतंग तोंडातून रस सोडून कोसला मऊ करतो आणि बाहेर येतो. पंख जवळजवळ वीतभर, प्रत्येकावर आरशासारखा पारदर्शक ठिपका. त्याला खाऊ घालायच्या भानगडीत मुलांनी पडू नये. खाण्याजोगे तोंडच त्याला नसते. अळीपणी साठवलेल्यावर तो थोडे दिवस जगतो. मादी निघाली तर डबा रात्री ओसरीत टांगावा. कंगव्यासारख्या मिशांनी वास घेत रानातले नर तिच्याकडे येतात. सकाळी मुलांना ते मोजू द्यावेत, आणि मग सर्वांना ऐनावर सोडून यावे.