तुटायचं काय, टिकायचं काय

२८ जून २०१५. फ्लोरिडातल्या केप कॅनाव्हरलहून फाल्कन-९ रॉकेट आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकासाठी सामान घेऊन निघालं आणि १३९व्या सेकंदाला आकाशातच विस्कटलं. इंजिनं तोवर चोख चालली होती. स्पेसएक्स कंपनीनं शोध घेतला, तेव्हा बोट गेलं वरच्या टप्प्यातल्या एका दांड्याकडे. लांबी जेमतेम दोन फूट.

त्या टप्प्यात द्रव ऑक्सिजनच्या टाकीत हेलियमचे सिलिंडर बुडवून ठेवलेले असतात. ते द्रवापेक्षा हलके, त्यामुळे सतत वर उसळी घेऊ पाहतात. आणि रॉकेट जसजसं जोर पकडतं, तसतशी ही उसळीही वाढते. सिलिंडरांना जागेवर धरून ठेवणं, एवढंच त्या दांड्याचं काम. कागदावर तो दहा हजार पौंडांचा भार पेलणारा. तुटला मात्र दोन हजारांच्या आसपास.

नासाच्या चौकशीनं दोष केवळ धातूवर ढकलू दिला नाही. दांड्याच्या टोकाचा ओतीव भाग साध्या औद्योगिक दर्जाचा होता. तो वापरताना चौपट सुरक्षेचं माप ठेवा, असं बनवणाऱ्यानंच सांगितलेलं. ते पाळलं गेलं नाही, आणि पुरेशी चाचणीही झाली नाही. अपघातानंतर कंपनीनं असे हजारो दांडे ताणून पाहिले. त्यातले काही खरोखरच ठरलेल्या भाराच्या कितीतरी आधी तुटले. मग दाखला असो वा नसो, प्रत्येक दांडा वेगळा तपासायचं ठरलं.

दांडा निदान ताणून पाहता येतो आणि टिकला तर वापरताही येतो. घन इंधनाच्या मोटरीच्या पोलादी कवचाचंही तसंच. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर लोकांना साखरेमुळे ठाऊक. पण इस्रोच्या रॉकेटांसाठी अशी कवचं तिथल्याच कारखान्यात बनतात. कवचाची दाब-चाचणी घेतात ती पाण्यानं, हवेनं नव्हे. पाणी फारसं दाबलं जात नाही, म्हणून कवच फाटलंच तर दाब झटकन उतरतो. तोच दाब हवेचा असता, तर तुकडे गोळ्यांसारखे उडाले असते. चाचणीचा दाब प्रत्यक्ष उड्डाणातल्यापेक्षा जास्त, पण कवचाचा आकार कायमचा बिघडेल त्याहून कमी. ही मधली पट्टी अरुंद असते; तपासण्याच्या नादात चांगलं कवच खराब व्हायला नको!

आता, श्रोतेहो, उलटा मामला. काही भाग तुटण्यासाठीच बनवलेले असतात.

रॉकेटच्या माथ्यावर उपग्रहाला झाकणारं टोपण असतं. हवा विरळ झाली की ते फेकून द्यायचं. त्यासाठी ॲल्युमिनियमचा एक सांधा ठेवतात; आतली स्फोटक दोरी पेटली की तो खाचेवरून तुटतो. २४ फेब्रुवारी २००९ रोजी टॉरस एक्सएल रॉकेटवर टोपण सुटलंच नाही. कार्बन डायऑक्साइड मोजायला निघालेला उपग्रह त्या फुकटच्या ओझ्यासकट अंटार्क्टिकाजवळ समुद्रात पडला. दोष नेमका कुठे, ते सापडेना. टोपण ढकलणारी वायूची यंत्रणा बदलली गेली. ४ मार्च २०११ रोजी ‘ग्लोरी’ उपग्रहाचं तेच झालं. दोन्ही मोहिमा मिळून सत्तर कोटी डॉलरांवर पाणी पडलं.

पंचाईत अशी, की हा सांधा तपासायचा म्हणजे तोडायचा, आणि तोडलेला सांधा उडवता येत नाही. त्याच घाण्यातला दुसरा तुकडा ओढून पाहायचा, आकडा दाखल्यावर लिहायचा आणि त्या दाखल्यावर विसंबायचं. नासाचे तपासनीस अखेर पोचले ते याच कागदांपाशी. ऑरेगनमधली सापा प्रोफाइल्स ही कंपनी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या पुरवायची आणि तिच्याकडे ओढ-चाचणीचे नापास आकडे खोडून पास केले जात होते. १९९६ पासून, तब्बल एकोणीस वर्षं. गिऱ्हाइकं शेकड्यांनी होती. नासा आणि तिचे कंत्राटदार त्यांतले काही. २०१९ मध्ये कंपनीनं ४ कोटी ६० लाख डॉलर भरायचं मान्य केलं.