लग्नाचा फोटो काढण्याआधी

लग्न ठरले की आपल्याकडे याद्या सुरू होतात. वाण्याची यादी, आहेराची यादी, मानपानाची यादी. कुणाला नारळ द्यायचा नि कुणाला लुगडे, याचा विसर पडत नाही. पडला तर पुढची दहा वर्षे ऐकून घ्यावे लागते. फोटोंची यादी मात्र कुणी करीत नाही. फोटोवाला ठरवला की झाले, पुढचे तो बघेल!

वरळी कोळीवाड्यातला माझा एक विद्यार्थी आहे. त्याच्या लग्नाचे फोटो सातआठशे तरी असतील. हळद आहे, बँड आहे, नाचणारी मंडळी आहेत. ज्या आजीने डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकली नि त्याला शिकवले, ती पुढच्याच पावसाळ्यात वारली. भिंतीवर लावायला फोटो शोधू लागले, तर एवढ्या फोटोंत आजी कुठेच नाही! एका फोटोच्या कडेला पिठाच्या परातीवर टेकलेला हात तेवढा सापडला. मासे कापताना झालेल्या जुन्या वणावरून धाकट्या सुनेने तो ओळखला.

आता यात फोटोवाल्याचा दोष काय? तो बाहेरचा माणूस. आजी कोण नि शेजारीण कोण, त्याला कसे कळावे? शिवाय आजी विधवा, आपण होऊन मागे सरणारी. ‘माझं काय काम तिथं?’ असे म्हणून ती चुलीकडे वळे. तिला हाताला धरून पुढे आणायला त्या गर्दीत कुणी मोकळे नव्हते.

मुंबईला फोटोची कला नवी नाही. १८५४ साली येथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. पुढे लग्नानंतर जोडप्याने स्टुडिओत जाऊन रंगवलेल्या पडद्यापुढे उभे राहायची चाल पडली. मग कॅमेरा मांडवात आला. चौकोनी फोटोंच्या कॅमेऱ्यात एका रोलचे बाराच फोटो निघत. म्हणून कोणी बसायचे, कोणी उभे राहायचे, हे वडीलमाणसे आधी ठरवीत. आता मोजून काढायची गरज उरली नाही, आणि त्याबरोबर ठरवणेही गेले.

तेव्हा आठ दिवस आधी एक कागद घ्या. त्यावर आधी माणसे लिहा, प्रसंग मागाहून. म्हातारी माणसे, आजारी माणसे, स्वयंपाकात अडकणाऱ्या बायका, आणि बोलावल्याशिवाय पुढे न येणारी. तो कागद सगळ्यांना ओळखणाऱ्या एखाद्या भाच्याच्या हाती द्या. नवरीच्या बापाच्या नको, त्याला त्या दिवशी स्वतःचे नाव आठवले तरी पुष्कळ! प्रसंगांचेही फोटोवाल्याला आधी समजावून द्या. अंतरपाट दूर होण्याचा क्षण डोळ्याचे पाते लवायच्या आत जातो. उभे कुठे राहायचे, हे त्याला अगोदर माहीत हवे. धवलारीण धवळे म्हणते तेव्हा गाणे काही फोटोत येत नाही. पण ती कुणाशेजारी बसली होती, कोण तिला साथ देत होते, हे येते.

उजेडाचेही पाहावे. मांडवाचे कापड लाल-पिवळे असले की दुपारी तोच रंग तोंडावर उतरतो. वर पांढरे कापड बरे. कोळीवाड्याच्या गल्ल्या अरुंद, तिथे तीस माणसे एका फोटोत मावत नाहीत. ती मंडळी संध्याकाळी किल्ल्याकडे न्यावी. मे महिन्यात सूर्य सातनंतर मावळतो, म्हणजे सहाला निघावे, आणि ऊन पाठीवर न घेता तोंडावर घ्यावे. तिथल्या जुन्या फोटोंत माणसांमागे नुसते पाणी दिसते. २००९ नंतरच्या फोटोंत सागरी सेतू दिसतो. साल लिहिलेले नसले तरी तेवढ्यावरून अंदाज येतो.

नावांचा अंदाज मात्र येत नाही. शिक्षक मंडळींना सांगावेसे वाटते, मुलांना घरचे जुने फोटो घेऊन आजोबांजवळ बसवा, आणि मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहू द्या. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उठतो.

माझ्या त्या विद्यार्थ्याच्या धाकट्या भावाचे लग्न यंदा झाले. हळदीच्या आदल्या दिवशी सकाळीच त्यांनी घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढले. आजीची थोरली बहीण दारात कोलीम निवडीत बसली होती. तिने विचारले, ‘लुगडं बदलून येऊ का रं?’ पोरे म्हणाली, ‘नको, अशीच बस.’