एम्. एस्सी. होऊन पुढे काय?

श्रोतेहो, पदार्थविज्ञानात एम्. एस्सी. होऊन पुढे काय, असा प्रश्न घरोघरी विचारला जातो. मुलीच्या बाबतीत तर तो अधिकच आग्रहाने विचारला जातो. प्रश्न अगदी गैर नाही, कारण आयुष्याची दोन वर्षे आणि वडिलांच्या मिळकतीचा काही भाग त्यात खर्ची पडत असतो. तथापि त्याचे उत्तर केवळ नोकरीच्या हिशेबात शोधू नये, असे बिभा चौधुरी या विदुषीच्या चरित्रावरून वाटते.

बिभाबाईंचा जन्म 1913 साली कलकत्त्यात झाला. 1936 साली त्यांनी कलकत्ता विद्यापीठाची पदार्थविज्ञानातील एम्. एस्सी. पदवी मिळविली. त्या वर्गात त्या एकट्याच स्त्री होत्या. पुढे प्रा. देवेंद्रमोहन बोस यांच्यासमवेत त्यांनी विश्वकिरणांचे संशोधन आरंभिले. अवकाशातून येणारे वेगवान कण वातावरणातील अणूंवर आदळले, की नवे कण जन्मास येतात. उंचावर हवा विरळ, म्हणून तेथे ते अधिक सापडतात. यासाठी छायाचित्रणाच्या लेप दिलेल्या काचा दार्जिलिंग व संदकफू येथील डोंगरांवर दीर्घकाळ ठेवण्यात आल्या. काच धुतल्यावर कणाच्या वाटेवर चांदीचे सूक्ष्म ठिपके ओळीने दिसतात. ते ठिपके सूक्ष्मदर्शकाखाली मोजावयाचे, वाट कोठे किती वाकली ते पाहावयाचे, आणि त्यावरून कणाचे वस्तुमान ठरवावयाचे. या रीतीने मेसॉनचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट असल्याचे उभयतांनी दाखविले. त्यांचे निबंध 1941 च्या सुमारास इंग्लंडमधील 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

परंतु तो महायुद्धाचा काळ. अधिक चांगल्या काचा कलकत्त्यास मिळेनात, आणि काम तेथेच थांबले. ब्रिस्टलच्या पॉवेल यांनी 1947 साली सुधारलेल्या काचा वापरून पाय-मेसॉन शोधला. 1950 चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. बिभाबाईंनी मात्र काम सोडले नाही. मँचेस्टर येथे प्रा. ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी डॉक्टरेटसाठी संशोधन केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्या पहिल्या स्त्री-संशोधक होत. 1991 साली त्या निवर्तल्या. 2019 साली एका ताऱ्यास 'बिभा' हे नाव देण्यात आले. तोवर त्यांचे नाव फारच थोड्यांना ठाऊक होते.

मग पदवीने त्यांना काय दिले? मानसन्मान नव्हे, तो काळ व साधने यांच्या स्वाधीन होता. एकच मापन पुनःपुन्हा घ्यावे, उत्तरासोबत त्यातील संभाव्य चूकही लिहावी, आणि मापनातून निघते त्याहून अधिक बोलू नये, ही शिस्त पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी या दोन वर्षांत शिकतो. ठिपके मोजताना बिभाबाईंच्या उपयोगी पडली ती हीच.

म्हणून, श्रोतेहो, एखादी मुलगी एम्. एस्सी. ला जाऊ म्हणेल, तेव्हा 'पुढे काय' हा प्रश्न आईवडिलांनी जरूर विचारावा. परंतु त्याआधी एवढे पाहावे, की प्रयोगाचे उत्तर जुळले नाही तर ती वही मिटते, की पुन्हा मोजू लागते. पुन्हा मोजू लागत असेल, तर तिला अवश्य पाठवावे.