यादीतले नाव आणि बोटावरची शाई

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आम्ही गिरणी कामगार. शाळा अर्ध्यावर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि पुतळ्यापाशी लागणाऱ्या पुस्तकांच्या गाड्यांवर झाले. तेव्हा विद्वानांसारखे भाषण आमच्याकडून व्हायचे नाही. समितीने विषय दिला आहे ‘आपली वस्ती आणि मतदान’. त्यावर चार गोष्टी सरळ सांगतो.

बंधूंनो, राजकारणाची चर्चा आपल्या वस्तीइतकी सबंध अंबरनाथमध्ये कुठे होत नसेल. एकाच नाक्यावर रिपब्लिकनचे दोन-तीन गट बसतात. वंचितवाले आहेत, बसपावाले आहेत, काँग्रेसला मानणारे जुने लोक आहेत. कुणी सेनेत गेले, कुणी भाजपात. बापाच्या खिशाला निळा बिल्ला आणि पोराच्या मोटारसायकलवर दुसराच झेंडा, अशीही घरे आहेत. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि पुढे त्याचे तुकडे झाले, हे आपण सारे जाणतो. १९९८ साली गट एकत्र आले, दुसऱ्या पक्षांशी समझोता झाला, तेव्हा महाराष्ट्रातून आपले चार खासदार लोकसभेत गेले, हेही आपण जाणतो. पण ऐक्यावर भाषणे भरपूर झाली. आज आमचा सवाल वेगळा आहे. रात्री बारापर्यंत नाक्यावर भांडणारे आपण, मतदानाच्या दिवशी केंद्रावर किती जण असतो?

आपला कल्याण लोकसभा मतदारसंघ बघा. २०१४ साली मतदान झाले ४३ टक्क्यांच्या आसपास. २०१९ ला ४५. २०२४ ला कसेबसे ५० झाले. आणि तिकडे गडचिरोली-चिमूरमध्ये, जंगलातून पायपीट करून आदिवासी बांधव जातात, तिथे त्याच २०२४ साली ७० टक्क्यांच्या वर! आपल्याकडे केंद्र दोन गल्ल्या सोडून असते.

याचा अर्थ आपले लोक आळशी, असे आम्ही म्हणत नाही. वस्तीत फिरल्यावर कारणे कळतात. कुणाचे नाव गावच्या यादीत, पोट मात्र इथे. कुणी भाड्याची खोली बदलली, नाव जुन्या पत्त्यावर राहिले. सून लग्न होऊन आली, तिचे नाव अजून माहेरी. २०२४ ला मतदान आले २० मे रोजी, शाळेच्या सुट्टीत. निम्मी घरे गावाला. भांडी घासणाऱ्या आयाबहिणींना खाडा परवडत नाही. आणि कार्ड आहे म्हणजे मत आहे, असे समजून गेलेले कितीजण यादीत नाव नाही म्हणून परत येतात!

आता हिशेब करा. शंभरातले पन्नास घरी बसले आणि सरळ लढत झाली, तर सव्वीस मतांवर माणूस निवडून येतो. म्हणजे जिथे मतदान कमी, तिथे एका गठ्ठ्याने बाहेर पडणाऱ्या वस्तीचे वजन दुप्पट. अंबरनाथ विधानसभेची जागा २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. पण १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि राखीव जागेवरही निवड सगळ्यांच्या मतांनी होऊ लागली. उमेदवार आपल्यातला असला तरी तो कोणाला बांधील राहील? जे मत द्यायला बाहेर पडतील त्यांना! पाण्याची लाईन, गटार, संडास, घराचे कागद, हे प्रश्न घेऊन आपण गेलो की समोरचा माणूस पहिल्यांदा वस्तीचे मतदान बघतो, निवेदन मग वाचतो.

हे मत आपल्याला फुकट मिळाले नाही. इंग्रजांच्या काळात मालमत्ता, कर, शिक्षण बघून मत मिळत होते. बाबासाहेबांनी १९१९ ला साऊथबरो समितीपुढे आपल्या हक्काची बाजू मांडली, १९२८ ला सायमन कमिशनपुढे सर्व प्रौढांना मताधिकार मागितला. पुढे तो घटनेच्या ३२६ व्या कलमात आला. आणि १९५२ च्या पहिल्याच निवडणुकीत, उत्तर मुंबईत, खुद्द बाबासाहेब सुमारे १४ हजार मतांनी पडले! त्या निवडणुकीत हजारो मते बाद झाली होती. वाया गेलेल्या मताची किंमत काय असते, ते यावरून समजा.

काही तरुण म्हणतात, धम्माचा आणि मतदानाचा संबंध काय? २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले होते की भिक्खू संघात ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे नियम होते. संघात शलाका, म्हणजे काड्या वाटून मत घेत. मत देणे ही आपल्या परंपरेतलीच गोष्ट आहे.

म्हणून विहार समितीला आमची सूचना आहे. कुणाला मत द्या, हे विहारातून सांगायचे नाही. धर्मस्थळातून प्रचाराला कायद्यानेही बंदी आहे, आणि विहार सगळ्या गटांचा आहे. पण यादी सगळ्यांची एक आहे. प्रत्येक गल्लीतून एक तरुण आणि एक भगिनी घ्या, वेगवेगळ्या पक्षांचे असले तर उत्तमच. त्यांनी घरोघर यादी वाचावी. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलला तर नमुना ८. अठरा वर्षे पूर्ण धरण्यासाठी आता वर्षात चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. गावचे नाव आणि इथले नाव, दोन्ही ठेवता येत नाही, एकच ठरवा. कारखान्यात, दुकानात काम करणाऱ्याला, रोजंदारीवाल्यालाही, मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टीचा हक्क आहे, तो मागून घ्या. भांडीवाल्या भगिनी संध्याकाळी आल्या तरी चालेल. वेळ संपताना जो रांगेत उभा असतो त्याला मत देता येते. त्यांची पोरे तेवढा वेळ विहारात सांभाळा.

आणि माता-भगिनींनो, नवऱ्याचा पक्ष तो तुमचा पक्ष, असे घटनेत कुठे लिहिलेले नाही. पडद्याआड तुम्ही आणि तुमचे मन. पाकीट घेऊन येणाऱ्यालाही हेच सांगा.

नाक्यावर भांडा, जरूर भांडा. पण त्या दिवशी संध्याकाळी वंदनेला याल तेव्हा प्रत्येकाच्या बोटावर शाई दिसली पाहिजे.

नमो बुद्धाय! जयभीम!